पोटरीवरच्या दोन रांगा

मे महिन्यात कृष्णाकाठच्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात सकाळी येणारे पहिले रुग्ण बहुधा ठरलेले असतात. रात्री उसाला पाणी द्यायला गेलेले आणि अंधारात काहीतरी चावलेले. त्यांत विंचूदंशाचे सर्वाधिक, त्याखालोखाल सापाचे, आणि काही जण ‘काय चावलं ते दिसलंच न्हाई’ असे सांगणारे. या शेवटच्यांवर सर्वांत जास्त नजर ठेवावी लागते, कारण मण्यारीचा दंश दुखतही नाही आणि सुजतही नाही. त्या सकाळी मात्र फाटकातून आत आलेल्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या मागच्या हौद्यात, गोणपाटावर, पंचावन्नच्या आसपासचे एक शेतकरी आडवे पडलेले होते आणि त्यांच्याबरोबर आलेले पाच-सहा जण एकाच वेळी एकच वाक्य सांगत होते : “म्याडम, तात्यांना मगरीनं धरलं.”

जखम पाहण्याआधी माझे लक्ष त्यांच्या मांडीकडे गेले. गुडघ्याच्या वर सुतळीचे चार-पाच वेढे करकचून आवळलेले होते आणि खालचे पाऊल निळसर, गार पडले होते. साप चावल्यावर बांधतात तसे बांधले होते. साप चावल्यावरही तसे बांधू नये हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत, पण घाबरलेल्या माणसाच्या हाताला दोरीच आधी सापडते. शिरेला सुई लावून, सलाइन सुरू करून, रक्तस्राव वाढला तर तो दाबून धरण्याची तयारी ठेवून मी ती सुतळी सावकाश सैल केली. रक्त वाढले नाही. पावलाचा रंग हळूहळू परत आला आणि पावलाच्या वरच्या बाजूची नाडी बोटाला लागली, तेव्हा मुख्य रक्तवाहिनी शाबूत असल्याची खात्री पटली. पायाची बोटे वर-खाली करायला सांगितली, तीही हलली. मग पोटरीवर गुंडाळलेला टॉवेल काढला. त्याखाली मूठभर हळद भरलेली होती.

हळद धुऊन निघाल्यावर जे दिसले ते मी पूर्वी फक्त पुस्तकात पाहिले होते. उजव्या पोटरीच्या मागच्या बाजूला अर्धवर्तुळात छिद्रांची एक रांग होती आणि पुढे नडगीच्या बाजूला तशीच दुसरी. बहुतेक छिद्रे हरभऱ्याच्या दाण्याएवढी, गोल, स्वच्छ कडांची होती. एका ठिकाणी दोन छिद्रांमधली कातडी बोटभर फाटलेली होती, कारण तात्यांनी त्या क्षणी पाय मागे ओढला होता. बाहेरून पाहिले तर हे काही फार भयंकर दिसत नव्हते आणि हीच अशा जखमांची फसवणूक असते. चिमटा आत घातला की तो सहज दोन-अडीच सेंटिमीटर खोल जात होता आणि त्या खोलीत नदीचा गाळ, लेंग्याचे धागे आणि मगरीच्या तोंडातले सगळे जंतू जाऊन बसलेले होते.

त्यामुळे पुढचा बराच वेळ आम्ही फक्त धुण्याचे काम केले. प्रत्येक छिद्रात सिरिंजने सलाइनचा जोर देऊन, बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या करून, बाहेर येणारे पाणी नितळ होईपर्यंत. गोड्या पाण्यात आणि मगरीच्या तोंडात एरोमोनास नावाच्या गटाचे जंतू असतात. ते स्नायूंत शिरले तर एक-दोन दिवसांत पाय वाचवणे अवघड करू शकतात. त्यांच्या जोडीला हवेशिवाय वाढणारे जंतू असतात आणि धनुर्वाताचा धोका असतो तो वेगळाच. म्हणून दोन्ही प्रकारच्या जंतूंवर चालतील अशी प्रतिजैविके शिरेतून दिली, धनुर्वाताची लस आणि तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन दिले आणि जखमा उघड्या ठेवून त्यांवर नुसती ओली पट्टी ठेवली. टाके घातले नाहीत याचे तात्यांच्या मुलाला फार वाईट वाटले. एवढी मोठी जखम आणि डॉक्टरीणबाई टाकासुद्धा घालत नाहीत, हे त्याला हलगर्जीपणाचे वाटत होते. अशी जखम वरून शिवली तर आत पू कोंडतो, हे त्याला समजावून सांगितले. त्यावर त्याने खरी भीती बोलून दाखवली : “मग पोटातली चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील का?”

पोटातली चौदा इंजेक्शने बंद होऊन जमाना झाला, तरी चावा म्हटले की गावाला तीच आठवतात. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे. कुत्रा, मांजर, माकड, कोल्हा, वटवाघूळ यांच्यापासून त्याची भीती असते. मगर, साप, पाल, कासव यांच्यापासून ती नसते. हे ऐकून तात्याच पहिल्यांदा बोलले. “म्हंजे कुत्र्यापरीस मगर बरी,” असे म्हणून ते हसले, आणि त्यांच्या भावाने त्यांना गप्प बसवले.

घडले होते ते असे. शेतीला थ्री फेज वीज काही दिवस दिवसा मिळते आणि काही दिवस रात्री. त्या आठवड्यात रात्रपाळी होती. उन्हाळ्यात नदीचे पाणी खाली गेले, की मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या, शेतकऱ्यांना मोटर आणि पाइप दोन्ही खाली घ्यावे लागतात आणि उथळ पाण्यातला फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाची जाळीदार झडप, जलपर्णीने व कचऱ्याने सारखा तुंबतो. पहाटे मोटरीने हवा धरली. तात्या मांडीभर पाण्यात उतरले, वाकले आणि दोन्ही हातांनी फुटव्हॉल्व्हची जाळी साफ करू लागले. काही दिसले नाही, आवाजही झाला नाही. पाय एकदम दाराच्या फटीत सापडल्यासारखा वाटला, एवढेच त्यांना सांगता आले. त्यांनी दोन्ही हातांनी पाइप धरून ठेवला आणि जिवाच्या आकांताने ओरडले. धाकटा भाऊ बांधावर होता, तो बॅटरी घेऊन धावत पोहोचेपर्यंत पाय सुटलेला होता.

माझी सहकारी डॉक्टर मालवणची आहे. तिने त्या जखमेकडे माझ्यापेक्षा जास्त वेळ पाहिले आणि मग म्हणाली, “ही मोरी असती तर हा पाय असा आलाच नसता.” मालवणकडे शार्कला मोरी म्हणतात आणि तिच्या घरी मोरीचे मटण हा सणासुदीचा नसला तरी आवडीचा पदार्थ आहे. जखमा धुता धुता तिने जे सांगितले ते मला पुढे अनेकदा उपयोगी पडले. मोठ्या शार्कचे दात चपटे, त्रिकोणी आणि बहुतेक धोकादायक जातींत करवतीसारख्या कडांचे असतात. ते कापतात. त्यामुळे शार्क चावून माणूस दगावतो तो बहुधा रक्त वाहून, आणि तिथे मांडीला आवळलेला पट्टा खरोखर जीव वाचवू शकतो. मगरीचा दात खुंटीसारखा असतो. त्याला धार नसते. मगर कापत नाही, ती धरते, आणि धरून पाण्याखाली नेते किंवा स्वतःभोवती गरगर फिरून अवयव पिळून काढते. तिच्या भक्ष्याचा मृत्यू बहुतांशी पाण्यात बुडून होतो. जबडा मिटण्याची तिची ताकद प्रचंड, पण उघडण्याचे स्नायू इतके दुबळे, की मिटलेले तोंड दोरीच्या वेढ्यांनी बांधून ठेवता येते. वनखात्याची माणसे तेच करतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाचा पाय शार्कने फाडला होता. ती बातमी आली तेव्हा मालवणात या सहकारी डॉक्टरच्या वडिलांना लोकांनी समुद्रात उतरावे की नाही, असे विचारायला सुरुवात केली होती म्हणे. ते आयुष्यभर मासेमारी करत आले आहेत. त्यांचे उत्तर ठरलेले होते : “मोरी आपल्याला खात नाही, आपणच मोरीला खातो.” आकडे त्यांच्या बाजूने आहेत. शार्कच्या ५०० हून अधिक जाती आहेत आणि माणसाचा जीव घेण्याच्या घटनांत प्रामुख्याने तीनच नावे येतात : ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल. यांतली बुल शार्क खाड्यांत आणि नद्यांतही शिरते. अमेरिकेतील फ्लोरिडाचे निसर्गेतिहास संग्रहालय जगभरातल्या शार्कहल्ल्यांची नोंद ठेवते. त्या नोंदींनुसार माणसाने न डिवचता झालेले चावे वर्षाला साधारण साठ-सत्तर असतात आणि त्यांत मरणारी माणसे सरासरी पाच-सहा. उलट मासेमारीत दरवर्षी सुमारे १० कोटी शार्क मरतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. शार्कची कीर्ती तिच्या करणीपेक्षा फार मोठी आहे, याबद्दल वाद घालायला जागा नाही.

पण हे सारे ऐकत असताना, समोर पोटरी उघडी टाकून पडलेला माणूस पाहताना, मगरीलाही त्याच माळेत ओवून मोकळे होणे मला पटले नाही. जगभरात मगरींमुळे मरणारी माणसे शार्कमुळे मरणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहेत. त्यांतली बरीच आफ्रिकेतील नाइल मगर आणि आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियातील खाऱ्या पाण्यातील मगर यांची बळी असतात. आपल्या नद्यांतली मगर त्या मानाने सौम्य असली, तरी निरुपद्रवी नाही. कृष्णेत तिने माणसे मारलेली आहेत, लहान मुलेही नेलेली आहेत. ज्या घरातले मूल गेले त्या घरासमोर उभे राहून सरासरी सांगण्याची माझी तरी छाती नाही. आणखी एक फरक आहे. समुद्रात पोहायला किंवा लाटांवर स्वार व्हायला जाणारा माणूस बहुधा हौसेने जातो, त्याला एखादा दिवस न जाण्याची सोय असते. तात्यांना ती सोय नव्हती. वीज पहाटेपर्यंतच होती आणि ऊस वाळत होता.

दहाच्या सुमारास वनपाल आले. दोघेही सरकारी नोकर, त्यामुळे आमची ओळख जुनी. सर्पमित्रांनी पकडलेले साप, रस्त्यावर आलेले तरस, विहिरीत पडलेले कोल्हे यांच्या निमित्ताने आम्ही एकमेकांना फोन करत आलो आहोत. त्यांनी परवानगी घेऊन जखमेचे फोटो काढले, खिशातून शिंप्याकडे असते तशी टेप काढली आणि रांगेच्या दोन टोकांमधले अंतर, मग दोन मोठ्या छिद्रांमधले अंतर मोजून वहीत लिहिले. जनावर शेपटीसह सात-साडेसात फुटांचे असावे, असा त्यांचा अंदाज होता. मग त्यांनी तात्यांना विचारलेले प्रश्न मला एखाद्या चांगल्या वैद्याचे वाटले. धरल्यावर ओढले का? फिरवले का? पुन्हा धरले का? तात्या आठवून आठवून सांगत होते : एकदाच धरले, हिसका दिला, सोडले. वनपालांनी माझ्याकडे वळून विचारले, “मॅडम, पिळवटल्याची खूण आहे का?” नव्हती. छिद्रे गोल होती, लांबट ओरखडे नव्हते, एकच काय ती फाट, तीही पाय मागे ओढल्याची.

“मग ही राखण करणारी मादी,” ते म्हणाले. “हिला तात्या खायचे न्हवते.”

याचे स्पष्टीकरण त्यांनी तिथेच, खाटेशेजारी उभे राहून दिले. मगरीची मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पाण्यापासून थोड्या उंचीवर, मळीच्या मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. दोन महिने किंवा थोडे अधिक दिवस ती त्या जागेच्या आसपास राहते. अंड्यांतून नर निघणार की मादी, हे मातीच्या उष्णतेवर ठरते. पावसाच्या तोंडावर पिल्ले आतून आवाज देऊ लागली, की ती माती उकरते आणि ज्या जबड्यात तात्यांचा पाय सापडला, त्याच जबड्यात पिल्ले अलगद उचलून पाण्यात नेते. त्या काळात तिच्या हद्दीत कोणी शिरले तर ती आधी फुत्कारते, अंगावर धावून येते, आणि एवढे करून सरकले नाही तर चावते. मोटरीच्या आवाजात तात्यांना फुत्कार ऐकू येणे शक्यच नव्हते. शिकारीसाठी केलेला हल्ला निराळा असतो. तो काठावर पाणी प्यायला आलेल्या कुत्र्यावर, शेळीवर होतो, आणि काठावर उकिडवी बसून धुणे धुणारी बाई किंवा वाकून घागर भरणारे पोर पाण्यातून तेवढ्याच उंचीचे दिसते. उभ्या माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही. रोज त्याच घाटावर त्याच वेळी कोणी तीच हालचाल करत असेल, तर मात्र तिला ती वेळ कळते.

तोवर फाटकाबाहेर गर्दी जमली होती. मोबाइलवर ‘नरभक्षक मगरीचा शेतकऱ्यावर हल्ला’ अशी बातमी, कुठल्यातरी दुसऱ्याच नदीतल्या अजस्र मगरीच्या फोटोसह, फिरू लागली होती. मगर पकडून न्या, नाहीतर आम्ही आमचे बघतो, असा एकंदर सूर होता. वनपाल बाहेर गेले. वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिला मारले तर तुरुंग आहे, हे त्यांनी सांगितले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत, हे मला आवडले. ही मगर उचलून धरणात नेऊन सोडली तर काय होईल, ते त्यांनी सांगितले. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातील मगरींच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून त्यांना दूर नेऊन सोडण्यात आले, तर त्या समुद्रकिनाऱ्याने पोहत आपापल्या जागी परतल्या. एकीने तर ४०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले. शिवाय एक मगर हलवली तर रिकाम्या झालेल्या डोहात दुसरी येते, आणि ती नवी मगर या काठाला व इथल्या माणसांना सरावलेली नसते.

गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने मग जे विचारले त्यावर वनपालांनाही क्षणभर थांबावे लागले. “आमच्या ल्हानपणी एवढ्या मगरी न्हवत्या. आता कुठनं आल्या?” उत्तर एका ओळीत देण्यासारखे नाही. पूर्वी उन्हाळ्यात नदी जागोजाग तुटायची. आता कोयनेचे पाणी आणि बंधाऱ्यांमागे तुंबलेला साठा यांमुळे डोह बारमाही भरलेले असतात. काठापर्यंत ऊस आल्याने आडोसा झाला. मेलेली जनावरे आणि कोंबड्यांची घाण नदीत टाकण्याची सवय आपलीच आहे आणि मगरीला आयते खाणे कुठे मिळते ते चांगले समजते. वाळूउपशाने तिच्या ऊन खाण्याच्या आणि अंडी घालण्याच्या जागा गेल्या, म्हणून ती शेताच्या बांधाजवळ येऊन माती उकरते. १९७५ मध्ये देशात मगर संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला आणि शिकार थांबली, हेही खरे. म्हातारबुवांचे समाधान झाले असे मला वाटले नाही, पण दगड उचलायच्या बेतात असलेली पोरे पांगली.

दुपारी एक्स-रे आला. नडगीच्या बाजूच्या बारीक हाडाला, फिब्युलाला, सरळ उभी चीर गेलेली होती. वैद्यकीयदृष्ट्या हे फार चिंतेचे नव्हते. शरीराचे वजन मुख्यतः नडगी पेलते. पण कागदोपत्री त्या चिरेला फार महत्त्व होते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस मेला तर महाराष्ट्र शासन वारसांना २५ लाख रुपये देते, गंभीर जखमी झाला तर ५ लाख, आणि किरकोळ जखमेला औषधोपचाराचा खर्च. कोणती जखम गंभीर, ते वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर ठरते आणि हाड मोडणे कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतीत बसते. गोल छिद्रांच्या त्या दोन रांगा पाहून एखाद्या कारकुनाने ‘किरकोळ’ म्हटले असते, पण फिल्मवरच्या केसाएवढ्या रेघेने तो प्रश्न मिटवला. मी दाखला लिहिला आणि पुढील शस्त्रक्रियेसाठी तात्यांना सांगलीच्या शासकीय रुग्णालयात पाठवले.

दाखला लिहिताना मला त्याआधीच्या पावसाळ्यातले एक शवविच्छेदन आठवत होते. पाणी चढू लागल्यावर मोटर वर ओढायला गेलेला एक तरुण बेपत्ता झाला होता आणि काही दिवसांनी खाली, झुडपांत अडकलेला सापडला होता. एका हातावर आणि बरगडीजवळ मगरीच्या दातांच्या खुणा स्पष्ट होत्या. गावाच्या मनात शंका नव्हती. विच्छेदनात फुप्फुसे फुगलेली, जड, आणि श्वासनलिकेत बारीक गाळ मिळाला, म्हणजे तो पाण्यात गेला तेव्हा श्वास घेत होता. पण एवढ्याने मगर सुटत नाही, कारण मगरही बुडवूनच मारते. खरा प्रश्न होता तो दातांच्या खुणा जिवंत शरीरावरच्या आहेत की मृत. जिवंतपणी झालेल्या जखमेच्या कडांमध्ये, स्नायूंच्या थरांत रक्त उतरलेले असते. पाण्याने वरचे रक्त धुतले जाते, म्हणून मी छेद घेऊन आतपर्यंत पाहिले आणि ऊतींचे नमुने तपासणीला पाठवले. रक्त उतरलेले कुठेच नव्हते. मगरीने धरले ते प्रेताला. पुराच्या पाण्यात वाहत आलेल्या इतर मेलेल्या जनावरांसारखेच.

त्याचा भाऊ माझ्यासमोर बसून एवढेच म्हणाला होता, “म्याडम, दात दिसत असताना तुम्ही न्हाई कसं म्हणता?” मगरीने मारले असते तर त्या घराला २५ लाख मिळाले असते. पाण्याने मारले म्हणून शेतकरी अपघात योजनेतून २ लाख. हा फरक मी ठरवलेला नव्हता, पण तो माझ्या सहीने पडला. मगरीच्या बळींची संख्या गावात बोलली जाते तेवढी का असते आणि कागदावर एवढी थोडी का उतरते, याचे एक उत्तर या फरकात आहे.

त्या दिवशी सायंकाळी, बाह्यरुग्ण विभाग आवरल्यावर, मी दवाखान्याच्या नोंदवह्या काढून बसले. मगरीच्या नोंदी शोधायला पाने उलटावी लागत होती. सापाच्या शोधाव्या लागत नव्हत्या, त्या प्रत्येक पानावर होत्या. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा अभ्यास आहे, आणि पाण्यात बुडून देशात वर्षाला ३५ हजारांहून अधिक माणसे जातात. आमच्या वह्यांत याच आकड्यांची गावठी आवृत्ती होती : मण्यार, घोणस, घाटावर पाय घसरून बुडालेली पोरे, ओल्या जमिनीत उभे राहून मोटरीचा स्टार्टर दाबताना बसलेला शॉक. तात्या ज्या ठिकाणी उभे होते, त्याच चार हातांच्या जागेत अंधार, निसरडा काठ, पाण्यातून गेलेली केबल, बांधावरचे साप आणि मगर असे सगळे एकत्र होते. यांतली मगर तेवढी बातमीत आली, कारण तिला तोंड आहे.

तात्यांचा पाय वाचला. सांगलीत जखमा पुन्हा स्वच्छ केल्या, मृत ऊती काढल्या, नंतर एका जागी कातडी लावावी लागली. पट्टी बदलण्यासाठी ते आमच्याकडेच येत राहिले आणि दर वेळी नदीची बातमी देत राहिले. पावसाआधी पिल्ले निघाल्याचे भावाने पाहिले होते. ग्रामसभेत वनपालांनी बायकांच्या धुण्याच्या घाटाला पाण्यात लोखंडी जाळीचा कठडा घालण्याचा प्रस्ताव मांडला. ओडिशात भितरकनिकाच्या काठच्या गावांत आणि श्रीलंकेत असे कठडे घालतात आणि त्यांच्या आत लोक निर्धास्त आंघोळ करतात. पुरात जाळी वाहून जाईल, दरवर्षी काढून घालण्याचा खर्च कोणी करायचा, यावर सभा दोनदा तहकूब झाली. तात्यांनी तिथे उठून विचारले, की घाटाला जाळी घालाल, पण मोटरी प्रत्येकाच्या शेतापुढे वेगवेगळ्या आहेत, त्या सगळ्या काठाला कुठवर जाळी घालणार?

ते स्वतः उत्तराची वाट पाहत बसले नाहीत. काठावर दोन खांब रोवून त्यांनी कप्पी बसवली, पाइपाच्या शेवटी लवचिक नळी जोडली आणि फुटव्हॉल्व्हला दोर बांधला. आता तो तुंबला की काठावर उभे राहून वर ओढायचा, कोरड्यात साफ करायचा आणि पुन्हा सोडायचा. पाण्यात पाय घालायचा नाही. सगळा खर्च खताच्या एका पोत्याइतका आला, असे त्यांनी मला हिशेबासकट सांगितले. ते पाहून काही जणांनी तसेच करून घेतले आहे. त्यांच्या अगदी शेजारच्या मोटरवाल्याने मात्र अजून केलेले नाही. तो माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येतो. त्याला विचारले तर तो सांगतो, “मगर तात्यांच्या हद्दीत हाय म्याडम, माझ्या न्हाई.”